जुळ्यांना अंगावर पाजायची तयारी : एका बाळंतपणाची सविस्तर नोंद

मी गेले तेव्हा तिनं पलंगावर सगळं सामान मांडून ठेवलं होतं. सहा बाटल्या, बाटल्या गरम करायचं यंत्र, वाफेवर निर्जंतुक करायचं दुसरं यंत्र, सिलिकॉनच्या निपल शील्डच्या, म्हणजे स्तनाग्रावर बसवायच्या टोप्यांच्या, दोन जोड्या, मलमाची ट्यूब, दूध वाढवणाऱ्या पावडरीचे तीन डबे आणि घोड्याच्या नालेसारखी एक भलीमोठी उशी. जुळ्यांना एकदम पाजता यावं म्हणून ही उशी विकतात. तिच्या हातात तेवीस वस्तूंची यादी होती आणि चौदा वस्तूंवर खुणा झाल्या होत्या. "ताई, अजून काय राहिलंय?" तिनं विचारलं.

मी सामानाकडे पाहिलं आणि उलट विचारलं, "रात्री दोन वाजता तुझ्याजवळ कोण असेल?"

दारातून तिची आई म्हणाली, "मी हाय की." पहिल्या रात्री ती असेल, दहाव्याही असेल, पण विसाव्या रात्री? काकू साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या. मुलीला हे सुचलंच नव्हतं. यादीत माणसांसाठी रकाना नव्हता.

गेली बरीच वर्षं मी कराड आणि आसपासच्या गावांत स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. त्याआधी प्रसूती कक्षात परिचारिका होते. हे प्रकरण मी त्या आईच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं गाळली आहेत, आकडे तिच्या वहीतले आणि माझ्या नोंदीतले आहेत. जुळी येणार म्हटल्यावर घरात लोक दुकानाकडे धावतात. त्या धावपळीत जी तयारी राहून जाते तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

घर, आई आणि पोट

ती २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी, पहिलंच बाळंतपण. माहेर कराडजवळच्या गावात. नवरा पुण्यात, शनिवार-रविवार येणारा. सोनोग्राफीत दोन वार, म्हणजे प्रत्येक बाळाची नाळ जोडलेली वेगळी वार, आणि दोन पिशव्या. एका वारेवर दोन बाळं वाढतात त्यापेक्षा हे कमी जोखमीचं. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होती. हिमोग्लोबिन ९.४.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त खटकला. जुळ्यांच्या बाळंतपणात गर्भाशय जास्त ताणलेलं असतं, प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असते आणि रक्त आधीच कमी असेल तर बाई उठून बसायलाच दोन दिवस लावते. दूध उतरायला उशीर होण्यामागे पुष्कळदा हेच असतं. पावडरीच्या तीन डब्यांचे पैसे झाले होते, पण लोहाच्या गोळ्या मळमळ होते म्हणून तिनं दोन आठवड्यांपूर्वी सोडल्या होत्या आणि डॉक्टरांना सांगितलंही नव्हतं. पहिल्या भेटीत मी एवढंच काम केलं : तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायला लावलं. त्यांनी शिरेतून लोह दिलं, थायरॉइडची तपासणी पुन्हा करून गोळीचा डोस वाढवला. चौतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.६ झालं होतं. दुधाची तयारी म्हणून मी हे पहिल्या क्रमांकावर ठेवते.

"दोघांना पुरेल का?" हा प्रश्न तिच्या आईचा, सासूचा, शेजारणीचा आणि तिचा स्वतःचा. पुरतं. दूध किती तयार व्हायचं हे किती बाहेर निघतं यावर ठरतं. दोन बाळं नीट ओढू लागली तर शरीर दोघांचं दूध करतं. अडचण असते ती ओढणाऱ्यांची. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं सदतीस आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात. पस्तिसाव्या आठवड्याचं बाळ दिसायला नीटनेटकं असतं, रडतं, डोळे उघडतं, आणि छातीला लावलं की चार घोट घेऊन झोपून जातं. त्याला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ अजून जमलेला नसतो. घरच्यांना वाटतं पोट भरलं. पोट भरलेलं नसतं आणि स्तनही रिकामे झालेले नसतात. म्हणजे बाळ उपाशी आणि शरीराला निरोप जातो की दुधाची गरज नाही. हे दोन-तीन दिवस चाललं की मग खरंच दूध कमी होतं आणि सगळे म्हणतात, "बघा, जुळ्यांना पुरत नाही."

म्हणून जुळ्यांच्या तयारीत एक गोष्ट मी गृहीत धरूनच चालते : पहिले काही दिवस बाळांच्या वतीनं आपल्याला दूध काढावं लागणार.

तेहेतिसावा आठवडा : दोन टॉवेल आणि एक कागद

दुसऱ्या भेटीत दोन मोठे टॉवेल गुंडाळून त्यांची बाळं केली. कुशीत आडवं धरणं सगळ्यांना माहीत असतं. काखेखालून बाळाचे पाय मागे घेऊन, डोकं तळहातावर तोलून धरणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. सिझेरियन झालं तर टाक्यांवर वजन येत नाही, आणि दोघांना एकदम घ्यायचं असेल तर पोटासमोर एकमेकांवर न येता दोन्ही बाजूंना बसवता येतात. टॉवेल कितीदा घसरले, पण हात कुठे टेकवायचा हे तिला त्यात कळलं.

हातानं दूध काढायचं कसं हे मी कापडी नमुन्यावर दाखवलं. अंगठा वर, बोटं खाली, काळसर वर्तुळाच्या कडेपासून थोडी मागे. आधी छातीच्या हाडाकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. कातडीवरून घासत पुढे आणायचं नाही. प्रत्यक्ष दूध मात्र दिवस भरायच्या आत काढून बघायचं नाही, हे मी तिला बजावलं. जुळ्यांत दिवसांआधीच कळा सुरू होण्याची शक्यता मुळातच जास्त, तेव्हा असा काही प्रयोग करायचा तर तो डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

आणि एक कागद लिहिला. अर्ध्या पानाचा. त्यात रुग्णालयासाठी विनंत्या होत्या : बाळांची तब्येत ठीक असेल तर लगेच छातीवर द्या, पहिल्या तासात लावायचा प्रयत्न करू. एखादं बाळ अतिदक्षता विभागात गेलं तर आम्ही दूध काढून आणू, ते घ्याल का, कशात आणायचं, रात्री कुणाकडे द्यायचं? वरचं दूध देणं गरजेचं झालं तर आधी आम्हाला सांगा आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, द्या. तो कागद घेऊन ती आणि नवरा बालरोगतज्ज्ञांना प्रसूतीच्या आधीच भेटले. घरातली माणसं या भेटीला महत्त्व देत नाहीत, मी देते. प्रसूतीच्या रात्री धावपळीत ओळख करून घ्यायला कुणाला सवड नसते.

त्याच दिवशी यादीवरच्या उरलेल्या नऊ वस्तूंवर काट मारली आणि दोन नव्या लिहिल्या. पंप भाड्यानं, दोन्ही बाजूंनी एकदम ओढणारा विजेवरचा, तो नवरा पुण्याहून आणणार होता. आणि बोंडलं. हे काकूंनी माळ्यावरून काढलं, लेकीच्याच लहानपणचं. पण त्याची चोच नळीसारखी बंद होती, आत ब्रश जात नव्हता. मी ते परत ठेवायला लावून स्टीलचं उघड्या चोचीचं, गोकर्णासारखं घ्यायला सांगितलं. घासताना आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसला पाहिजे. जुनी वस्तू नाकारताना काकूंचा चेहरा उतरला हे मला दिसत होतं. नंतर ते बोंडलं बारशाच्या दिवशी देवापुढे ठेवलेलं मी पाहिलं, तेव्हा बरं वाटलं.

पहिले तीन दिवस

पस्तीस आठवडे आणि चार दिवस झाले असताना पहाटे पाणी गेलं. पहिलं बाळ पायाळू होतं, म्हणून सिझेरियन. मुलगा २,१५० ग्रॅम, मुलगी १,७८० ग्रॅम. मुलीला श्वासाचा थोडा त्रास होता, तिला अतिदक्षता विभागात नेलं. मुलगा आईजवळ राहिला.

मुलाला पन्नास मिनिटांनी तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. त्यानं चाटलं, दोनदा तोंडात धरलं, झोपला. दोन तासांनी त्याची साखर ३८ भरली. डॉक्टरांनी लगेच दूध द्यायला सांगितलं आणि ते अगदी योग्य होतं. कमी वजनाच्या बाळाची साखर उतरली की वाट बघत बसायचं नसतं. जेवढा चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, निघाला तेवढा आधी दिला, उरलेलं मोजून वरचं दूध बोंडल्यातून दिलं. पुढच्या तपासणीत साखर ५२.

मी तीन तासांनी पोहोचले. मणक्यातल्या भुलीमुळे तिला उठता येत नव्हतं. मीच तिचा हात धरून दाखवलं. पहिली चार-पाच मिनिटं काहीच नाही, मग टोकाशी हळदीसारखा पिवळा, मधासारखा चिकट थेंब आला. तो खाली पडू न देता एक मिलीच्या सिरिंजच्या तोंडानं टिपून घ्यायचा, पुढच्या थेंबाची वाट बघायची. पंप लावला असता तर हा चीक त्याच्या नळीला आणि कपालाच चिकटून गेला असता, म्हणून पहिले दोन दिवस हातानंच. पहिल्या खेपेला निघाला ०.८ मिली. तिनं सिरिंज उजेडात धरून पाहिली आणि रडायला लागली. "एवढंच?" मी सांगितलं, हे एवढंच असतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं ते चमचाभराच्या आसपास, आणि मुलीला तर आत्ता थेंबच हवेत. नवऱ्यानं सिरिंजवर वेळ लिहिली आणि तो जिना चढून वर गेला. परिचारिकेनं त्यातला एक-एक थेंब मुलीच्या दोन्ही गालांच्या आतून लावला, उरलेलं नळीतून दिलं. नवरा खाली आला तो वेगळाच माणूस होऊन. पुढचे सहा दिवस दूध वर पोहोचवायचं काम त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दर अडीच-तीन तासांनी, चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, आणि त्यातली एक खेप मध्यरात्रीनंतरची. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, ती खेप चुकवायची नाही. वहीत पहिल्या दिवसाची बेरीज ९ मिली आहे, दुसऱ्याची ३१, तिसऱ्याची ११०. पान्हा फुटला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. एक युक्ती इथे उपयोगी पडली. जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे दोन तुकडे केले होते. एक मुलीच्या डोक्याशी, एक आईच्या छातीशी, रोज अदलाबदल. दूध काढताना ती मुलीचा तुकडा नाकाशी धरायची. वरच्या मजल्यावर असलेल्या बाळाचा वास आला की पान्हा सुटायचा.

दुसऱ्या रात्री एक गोष्ट मनाविरुद्ध घडली. आई गुंगीत असताना रात्रपाळीतल्या कुणीतरी मुलाला बाटलीनं वरचं दूध पाजलं. काढलेला चीक शेजारच्या वाटीत झाकून ठेवलेला होता, तो तसाच राहिला. कागद फाईलला लावलेला होता. तो कुणी वाचला नव्हता. सकाळी तिनं ती वाटी मला दाखवली, तेव्हा मलाही वाईट वाटलं. त्यानंतर रात्री पलंगाशेजारी घरचं माणूस जागं राहील अशी पाळी लावली आणि कागदातली एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहून पाळण्याला बांधली. ती ओळ सगळ्यांनी वाचली.

माझी चूक

चौथ्या दिवशी पंप सुरू केला. पाचव्या दिवशी तिचा फोन आला की दूध काढताना डोळ्यांत पाणी येतं, आणि बेरीज तीन खेपांत घटली. मी जाऊन पाहिलं. पंपाबरोबर आलेला कप २४ मिलिमीटरचा होता. बहुतेक पंपांत तोच येतो. तिच्या स्तनाग्राचं माप १६ निघालं. कप मोठा असल्यामुळे काळसर वर्तुळाचा बराच भाग नळीत ओढला जात होता, सूज येत होती, आणि सुजेनं दूध अडत होतं. हे माप मी आधीच घ्यायला हवं होतं. एक साधी मोजपट्टी पुरते. मी ज्या तयारीचा एवढा आग्रह धरते, त्यातली ही मोजपट्टीची पायरी माझ्या हातून सुटली आणि तिचे दीड दिवस वेदनेत गेले.

१७ मिलिमीटरचे सिलिकॉनचे पातळ आतले कप मिळाले, ते बसवले. ओढीचा जोर सगळ्यात वर नेऊन ठेवला होता, तो सहन होईल तिथपर्यंत खाली आणला. जोर जास्त म्हणजे दूध जास्त असं होत नाही. सातव्या दिवसाची बेरीज ४२० मिली, दहाव्याची ६१०. विजेवरच्या पंपाबरोबर हातही चालवायचा, सुरुवातीला दोन मिनिटं मालिश आणि शेवटी हातानं काढणं, हे तिनं सोडलं नाही. गावात वीज जायची. त्या वेळी ती शांतपणे वाटी घेऊन हातानं काढायची. हातानं काढता येणं ही पंपापेक्षा मोठी सोय आहे, असं मी त्या वेळी तिच्या नवऱ्याला म्हटलं होतं.

घरी

मुलगी सहाव्या दिवशी आईजवळ आली, आठव्या दिवशी चौघं घरी. आता खरी कसोटी. दर तीन तासांनी एक फेरी : आधी एकेकाला छातीला लावायचं, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, जागं असेपर्यंतच. मग काढून ठेवलेलं दूध बोंडल्यानं. मग पंप. भांडी धुवायची, उकळायची, वहीत लिहायचं. हे सगळं तासाभरात उरकलं नाही तर झोपेला जागा उरत नाही, म्हणून पाजत बसायला मर्यादा घातली. दमलेलं बाळ अर्धा तास छातीशी झोपून राहिलं तर ते पाजणं नसतं.

बोंडल्यानं पाजणं काकू आणि जावई दोघंही शिकले. बाळ जागं हवं. अर्धवट बसतं धरायचं, मान तळहातावर. चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यात टेकवायची आणि इतकीच कलती करायची की दूध ओठाला लागेल. बाळ जीभ बाहेर काढून घेतं. गिळेपर्यंत थांबायचं. तोंडात ओतायचं नाही, कधीच नाही. सुरुवातीला निम्मं दूध टोपड्यावर सांडायचं, आठवड्यात सांडणं थांबलं.

दोघांना छातीशी बांधून ठेवणं, कांगारू पद्धत, रुग्णालयातच सुरू झाली होती. घरी सुती साडीची घट्ट पट्टी करून मुलगी आईच्या छातीवर आणि मुलगा बापाच्या. सासूबाई आल्यावर त्यांनीही केलं. छातीशी असलेलं बाळ उबेत राहतं, वजन धरतं, आणि भूक लागल्याची पहिली चाहूल, तोंड उघडणं, मुठी चोखणं, रडण्याआधीच कळते.

अकराव्या रात्री साडेतीनला तिचा संदेश आला : "ताई, मला जमत नाहीये." सकाळी गेले तर ती पंप लावून भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, वरचं दूध सुरू कर. त्यात कमीपणा काय? पोरीची हाडं दिसायला लागलीत हो." त्यांच्या बोलण्यात काळजी होती. त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हटलं नाही, कारण काही वरचं दूध तेव्हा चालूच होतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मुलीला दिवसातून दोनदा ३० मिली. मी विचारलं, तिनं सलग किती झोप घेतली? उत्तर होतं, अकरा दिवसांत एकदाही दोन तासांहून जास्त नाही.

त्या दिवशी रात्रीची मांडणी बदलली. अकराला पाजून आणि दूध काढून ती झोपेल, वेगळ्या खोलीत, दार लावून. दीडची फेरी काकू आणि नवरा, फ्रिजमधल्या दुधावर. नवऱ्यानं तोवर तीन आठवड्यांची रजा काढली होती. साडेतीनला ती उठेल आणि आधी दूध काढेल. साडेचार तासांची सलग झोप. दुधाच्या बेरजेत दुसऱ्या दिवशी ४० मिलीची घट आली, तिसऱ्या दिवशी ती भरून निघाली. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "आज मुलगी माझ्याकडे बघत होती." अकरा दिवस तिला ते दिसलंच नव्हतं.

सव्वा महिन्यात खाण्यावरून वाद झालेच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, सगळं येऊ द्या, असं मी म्हटलं. दोघांना पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण हजार कॅलरी जास्त लागतात आणि ताटातला वरण-भात त्याला पुरणारा नाही. अळिवातलं लोह तिला हवंच होतं. पण खीर खाल्ल्यानं दूध वाढतं हा भरवसा मी कुणाला देत नाही. दूध काढल्यानं वाढतं, खाण्यानं बाई टिकते. पावडरीचे डबे तसेच पडून राहिले. दोन गोष्टींवर मी अडून बसले : बाळांना मध, गुटी, पाणी काही नाही, उन्हाळ्यातही नाही, आणि खोलीत धुरी नाही. एवढ्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही. सासूबाईंना धुरीचं पटायला दोन दिवस लागले. मुलगी अतिदक्षता विभागात कशी श्वास घेत होती हे नवऱ्यानं फोनमधल्या चित्रफितीत दाखवलं, मग शेगडी अंगणात गेली.

दोघं एकदम

घाई करू नका, असं मी प्रत्येक जुळ्यांच्या आईला सांगते. एकेकाला नीट धरता येईपर्यंत दोघांना एकदम लावायला गेलं की दोघांची पकड उथळ राहते आणि आईला चिरा पडतात. तोंड जांभईएवढं उघडलेलं, हनुवटी स्तनात रुतलेली, काळसर भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी, गिळल्याचा आवाज. हे प्रत्येकाचं वेगळं जमलं पाहिजे.

चौथ्या आठवड्यात प्रयत्न केला. विकतची उशी आधी वापरून पाहिली. ती मऊ होती, मुलं मध्ये घसरत होती आणि तिला पुढे वाकावं लागत होतं. मग घरचं काढलं. भिंतीला टेकून दोन लोड पाठीला. दोन्ही बाजूंना घट्ट दुमडलेल्या गोधड्या, त्यावर एकेक उशी, बाळाचं नाक स्तनाग्राच्या उंचीला येईल इतकी रास. पायाखाली जेवायचा पाट. पाटामुळे गुडघे वर आले आणि पाठीतला ताण गेला. बाळ स्तनापर्यंत आणायचं, स्तन बाळापर्यंत न्यायचा नाही. मुलगी आधी, कारण तिला पकड घ्यायला वेळ लागायचा, मग काकू मुलगा उचलून द्यायच्या. मुलाच्या ओढण्यानं पान्हा दोन्हीकडे सुटायचा आणि कमी जोराच्या मुलीला दूध आयतं मिळायचं. तिचं गिळणं त्या दिवशी पहिल्यांदा खोलीभर ऐकू आलं. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

कोणतं बाळ कोणत्या बाजूला, हे रोज बदलायचं. एक आज उजवीकडे, उद्या डावीकडे. जोरदार ओढणारं बाळ दोन्ही स्तनांना मिळावं आणि बाळांचे दोन्ही डोळे सारखे वापरले जावेत म्हणून.

वजनं अशी : मुलगा उतरून २,०१० झाला होता, तेराव्या दिवशी जन्मवजनाला परत आला. मुलगी १,६६० पर्यंत उतरली, सोळाव्या दिवशी परत १,७८०. त्यानंतर दोघांची रोजची वाढ २५ ते ३० ग्रॅम. चोविसाव्या दिवशी वरचं दूध पूर्ण थांबलं. सहाव्या आठवड्यात मुलगा २,९९०, मुलगी २,५१०. मधल्या काळात भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक ओल्या लंगोटासाठी रेघ ओढली जायची, एकासाठी निळी, एकीसाठी लाल. दिवसाला सहा किंवा जास्त रेघा आणि पिवळी शी, म्हणजे दूध पोटात जातंय. वजनकाट्याच्या दोन भेटींमध्ये धीर देणारी हीच खूण होती. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट आणि लोहाचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू होते. थेंब देणं म्हणजे आईचं दूध कमी पडलं असं नव्हे, हे सासूबाईंना समजावावं लागलं.

सामानाचा हिशेब

सहाव्या आठवड्यात आम्ही दोघींनी ती जुनी यादी पुन्हा काढली. सगळ्यात जास्त वापर पंपाचा, भाड्याचा, आणि त्याच्या भागांच्या दुसऱ्या जोडीचा. एक जोडी उकळत असताना दुसरी हाताशी. जोडी एकच असती तर पहाटे तीनला कुणीतरी भांडी घासत बसलं असतं. मोठं झाकणाचं स्टीलचं पातेलं, दहा मिनिटं उकळायला, त्यापुढे वाफेच्या यंत्राची गरज पडली नाही. दूध कोमट करायला वाटीत गरम पाणी पुरलं. बाटल्या गरम करायचं यंत्र खोक्यातच आहे. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला २४ तास, हा नियम ठेवला. झाकणाच्या स्टीलच्या छोट्या डब्यांवर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची. जुन्या धोतराचे चौकोन, दूध गळतं तेव्हा आत ठेवायला आणि ढेकर काढताना खांद्यावर. पुढून उघडणारे चार गाऊन. पलंगापासून हात पोहोचेल तिथे पाण्याची बाटली आणि लाडवांचा डबा, कारण दोन्ही हात अडकलेले असताना कुणीतरी घास भरवावा लागतो.

निपल शील्ड एकदा मुलीसाठी वापरलं, तेही आठवडाभर, माझ्या देखरेखीत. मलमाऐवजी शेवटी काढलेल्या दुधाचा थेंब लावून वाळवला. बाटल्या परत करता आल्या नाहीत. दुकानदारानं "बाळंतपणाचा संच" म्हणून त्या गळ्यात मारल्या होत्या. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि बाटल्या व बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात किंवा भेटवस्तू देऊन भलावण करायला त्यात मनाई आहे. हे ठाऊक नसलेल्या दुकानदारांपेक्षा हे ठाऊक नसलेल्या आयांची मला जास्त काळजी वाटते.

मुलगी आणखी लहान, दीड किलोच्या आतली असती आणि आईचं दूध यायला उशीर झाला असता, तर मी आधी मातृदुग्ध पेढीचा, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध पुरवणाऱ्या पेढीचा, विचार केला असता. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जुळी असल्याचं कळताच आपल्या रुग्णालयाला पेढीतलं दूध मिळतं का, हे विचारून ठेवायला हवं. वेळ आल्यावर शोधत बसणं जमत नाही.

अडीच महिन्यांनी पंप पुण्याला परत गेला. भाडं आणि सुटे भाग धरून खर्च पडून असलेल्या सामानाच्या निम्म्यानं होता.

आता बाळं पाच महिन्यांची होत आली आहेत. तिची रजा २६ आठवड्यांची, त्यातले काही आठवडे प्रसूतीआधीच गेले. पुढच्या पंधरवड्यात तिला रुजू व्हायचं आहे. कचेरीत पाळणाघर आहे, आणि बाळं पंधरा महिन्यांची होईपर्यंत दिवसात दोनदा पाजायला सुट्टी मिळणं हा तिचा हक्क आहे, हे तिनं लेखी विचारून घेतलं आहे. हातानं चालणारा एक साधा पंप घेतला, या वेळी आधी माप घेऊन. सासूबाई पुण्यात राहायला येणार आहेत आणि उघड्या चोचीचं बोंडलं त्यांच्या पिशवीत गेलं आहे. पाट मात्र काकूंनी दिला नाही. गावी आली की लागेल, म्हणाल्या.